राणीचा केक, आत्याची वाळू

ऑगस्ट १८०३मध्ये ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने आमच्या नगरचा किल्ला घेतला. त्याच्याकडे तोफा होत्या, केक नव्हता. ज्या राणीच्या नावाचा तो व्हिक्टोरिया स्पंज, तिचा जन्मच मुळी १८१९चा. आधी तोफा, मग राणी आणि केक त्याहून उशिरा, असा क्रम लागतो.

केकआधी चार वाजताची भूक लागावी लागते. तिचं श्रेय इंग्रज लोक बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाला देतात. साधारण १८४०च्या सुमाराला रात्रीचं जेवण उशिरा असे, दुपारी बाईंच्या पोटात खड्डा पडे, म्हणून त्यांनी चहाबरोबर खायला मागवलं. याला शोध म्हणायचं असेल तर आमच्या जिल्ह्यातल्या कोल्हारच्या भेळवाल्यांसमोर म्हणून बघा. चार वाजता भूक लागायला आमच्याकडे डचेस व्हावं लागत नाही.

या केकची कृती मिसेस बीटन या इंग्रज बाईंच्या १८६१च्या पुस्तकात आहे. चार अंडी घ्या, त्यांच्या वजनाइतकं लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा. भाजून मधे जॅम भरा. सगळा हिशेब अंड्यावर. आणि नेमकं तेच आमच्या भिंगारच्या आत्याच्या स्वयंपाकघरात येत नाही. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून ताट आलं की करंजी-चकली ती देवाला चालेल इतक्या आदराने डब्यात ठेवते, अन् केकचा तुकडा ‘पोरांना द्या’ म्हणून दारातल्या दारात वाटून टाकते.

पण नातवाच्या वाढदिवसाला केक हवाच. मग आत्या मैदानात उतरते. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला वाळू पसरायची, वर जाळी, जाळीवर केकचं भांडं. वाळू सीना नदीतली, चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली, वर्षानुवर्षं तीच. नगर जिल्ह्यात लिलावाशिवाय घरात आलेली एवढी वाळू तहसीलदारांच्या नजरेतून कशी सुटली, कोण जाणे. अंड्याऐवजी दही आणि खायचा सोडा. दह्याची आंबटाई सोड्याला भेटली की बुडबुडे येतात आणि मैदा टम्म फुगतो. आता अंडंच नाही म्हटल्यावर साखर कशाच्या वजनाने घ्यायची? आत्या घेतच नाही वजन. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभारून बसलेल्या जिल्ह्यात साखर मोजणं तिला कद्रूपणा वाटतो. वर वेलची आणि जायफळ, म्हणजे केक चुकला तरी शिऱ्यात गणना व्हावी.

खायचीही रीत आहे. घट्ट दुधाच्या चहात बुडवून. नगरच्या त्याच किल्ल्यात १९४२पासून कैदेत असलेले मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करत, बिनदुधाचा. दूध घालणं त्यांना चहाचा अपमान वाटे. आमच्या घरचा बुडवलेला, अर्धा कपाच्या तळाशी बसलेला, मग चमच्याने उकरून खाल्लेला केक त्यांनी पाहिला नाही हे बरंच झालं.

एकदा आत्याला मी बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितली. औषधवाला माणूस. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत, म्हणून त्याने १८३७मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं. यीस्टही सोसेना, तर १८४३मध्ये बेकिंग पावडर. त्याच पावडरीवर पुढे अख्ख्या इंग्लंडचे केक फुगले, आणि त्यात लोकांनी पुन्हा चार-चार अंडी फोडली!

आत्या क्षणभर गप्प झाली. राणीबद्दल, डचेसबद्दल तिला काडीचंही घेणं नव्हतं. बर्डबाईंचं मात्र तिला फार वाईट वाटलं.

“म्हणजे नवऱ्यानं एवढं केलं अन् त्या माउलीला केक मिळालाच नाही?”

“दिसतंय तसं.”

“मग पाठवायची होती की इकडं चार दिवस. दह्यातला करून घातला असता.” आणि कुकरमधली वाळू गाळणीत ओतता ओतता म्हणाली, “पण येताना पावडरीचा डबा आण म्हणावं. इथं सोडा महाग झालाय.”