सध्यापुरतं

आमच्या फियाटचा ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणायचा. मागून येणाऱ्याला वाटावं, गाडीबाईंना वळायचं आहे, पण घरी विचारायचं राहिलंय. हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मला ते लक्ष्मी रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं सांगितलं, आणि ज्या शब्दांत सांगितलं ते ललित निबंधात बसणारे नाहीत.

घरी येऊन बाबांना म्हटलं, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ते सध्यापुरतं आहे. रविवारी बघू."

'सध्यापुरतं' हा बाबांच्या आयुष्यातला सर्वांत टिकाऊ शब्द. डिकीला सध्यापुरतं बांधलेलं सुतळीचं कडं अकरा वर्षं टिकलं. गाडीही त्यांनी सध्यापुरतीच घेतली होती. १९७८ सालची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण चितोडच्या राणीचं नाव आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. ती फियाटच. तेव्हा गाडी नुसती विकत घेता येत नसे, नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. इटलीनं हे मॉडेल साठचं दशक संपण्याआधीच बंद केलं होतं. आपण कुर्ल्याच्या कारखान्यात ते शतकाच्या अखेरीपर्यंत काढत राहिलो. सध्यापुरतं म्हणजे काय, हे आपल्या देशाला नीट कळतं.

इंडिकेटरचं कारण तसं साधं होतं. गाडीत दिव्याकडे जायला तार असते, पण परतीला तार नसते. वीज गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. मागच्या दिव्याचा स्क्रू जिथे पत्र्याला टेकतो तिथे गंज चढला की ही वाट बंद होते. मग वीज काय करते? वाड्यातला बोळ बंद झाल्यावर भाडेकरू करायचे तेच. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाते. ब्रेकच्या दिव्यातली वीज इंडिकेटरच्या दिव्यातून वाट काढते आणि जाता जाता त्यालाही थोडं जागं करते. गाडीतल्या निम्म्या भुताटकीचं मूळ हे असं अर्थिंगमध्ये असतं. पॉलिश पेपर घेऊन दहा मिनिटं स्क्रूखाली घासलं असतं तरी भागलं असतं. तो रविवार आला नाही.

बाबा गेले त्या पावसाळ्यानंतर गाडी सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पेट घेईना. पहिल्या वायरमननं पॉइंट घासले. दुसऱ्यानं पॉइंट बदलले आणि कंडेन्सरही बदलला. तिसऱ्यानं कॉइलला हात लावला, चटका बसला, म्हणाला, "कॉइल गेली." नवी बसवली, तीही तापली. त्यानं दुसऱ्या कंपनीची आणून लावली. त्यानंतर तो माझा फोन उचलेनासा झाला.

शेवटी नाना पेठेतले एक म्हातारे मिस्त्री आले. बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, ही वायरिंग आहे का गणपतीचा मांडव?"

मी काहीच बोललो नाही.

"सगळी काढू. नवीन घालू. ह्याच्यात शोधत बसलो तर माझं आयुष्य पुरायचं नाही."

माझी समजूत अशी होती की जुनी वायरिंग काढायची म्हणजे ओढून फेकायची. तसं नसतं. एकेक टोक सोडवायचं, ते कुठून कुठे जातं ते बघायचं आणि त्याला चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे आलं. "तुम्ही लिहायचं काम करता ना? मग लिहा." लिखाणाबद्दल इतकी व्यावहारिक अपेक्षा माझ्याकडून आजवर कुठल्या संपादकानंही केली नव्हती. मी खाली बसून लिहू लागलो: हॉर्न. पुढचा डावा साइड लाइट. वायपर. पेट्रोलचा काटा. आणि मग, माहीत नाही १. माहीत नाही २. दुपारपर्यंत माहीत नाही ७ पर्यंत पोचलो.

काळी टेप उकलताना आतून वर्षं निघत होती. वरच्या थरात घरगुती लाल वायर, खाली दारावरच्या बेलची दुपदरी, त्याखाली कंपनीची मूळ वायर. उन्हानं आणि इंजिनच्या धगीनं तिचं प्लॅस्टिक इतकं कडक झालं होतं की वाकवली की वाळक्या शेंगेसारखी तडकायची. जोड म्हणाल तर सगळे एकाच घराण्याचे: दोन तारा पिळायच्या आणि वर टेप. टेपचा डिंक वितळून बोटांना असा चिकटला की संध्याकाळी रॉकेलनं हात धुवावे लागले. फ्यूजच्या डबीत चिनी मातीचे फ्यूज, आणि त्यांतल्या तिघांवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. ही चांदी त्यांनी कुणाकडे मागितली असेल, या विचारात मी बराच वेळ अडकलो. मिस्त्री मात्र घाबरले. फ्यूजचं कामच मुळी वेळेवर जळणं. तो जळला नाही तर वायर जळते आणि वायरीमागून गाडी.

नवी फ्यूजची डबी कुर्ल्याला मिळाली. गाडी जन्मली कुर्ल्यात आणि तिचे अवयवही आता सीएसटी रोडच्या दुकानांतच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, म्हणून वाटलं होतं की आता काही मिळायचं नाही. दुकानदारानं बघितलंही नाही, हात मागे घातला आणि डबी काढून दिली.

एका बाबतीत मी मिस्त्रींशी भांडलो. त्यांना हेडलाइटला रिले घालायचे होते. मला गाडी जशी कारखान्यातून आली तशी हवी होती. त्यांनी मीटर लावून दाखवलं. साठ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो. एवढी वीज पूर्वी बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे दिव्यापर्यंत धावायची, वाटेत प्रत्येक गंजक्या जोडावर टोल भरत. दिव्यापर्यंत दहाच व्होल्ट पोचत होते, आणि बाराचे दहा झाले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. रिले घातला की स्विचनं फक्त हुकूम द्यायचा, ओझं परभारे जातं. मला आठवलं, रात्रीच्या घाटात बाबा काचेला नाक लावून गाडी चालवायचे आणि आम्ही त्यांना चष्म्याचा नंबर बदला म्हणून छळायचो. रिले घातले.

तिसऱ्या दिवशी 'माहीत नाही'ची यादी उलगडत आली. २ हा कधीच्या काढून टाकलेल्या फॉग लँपचा. ३ कॅसेट प्लेअरचा. ६ डॅशबोर्डवरच्या त्या चिमुकल्या पंख्याचा, ज्याची हवा फक्त आईला लागायची. राहिली ४. बारीक काळी तार, आणि हिचा जोड मात्र पिळलेला नव्हता. नीट डाग दिलेला, वर स्लीव्ह. ती कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लागलेली होती.

मिस्त्री तिच्या मागोमाग गाडीत गेले, आडवे झाले, आणि आतून हसायला लागले.

"साहेब, चोरस्विच."

टेबललँपच्या वायरीत असतो तसला एक बटू स्विच. दाबला की ती तार पत्र्याला टेकते. पॉइंट उघडला की कॉइलमधली वीज झटक्यात तुटायला हवी, तरच ठिणगी पडते. ही तार पत्र्याला टेकली असेल तर पॉइंट कितीही उघडो, वीज तुटतच नाही. सेल्फ फिरतो, ठिणगी पडत नाही, कॉइल मात्र तापत बसते. आणि कंडेन्सर शॉर्ट झाल्यावरही लक्षणं अगदी हीच. चोरानं बॅटरीवरून थेट तार ओढली तरी उपयोग नाही. तीन वायरमननाही झाला नाही.

म्हणजे गाडी बिघडलीच नव्हती. बाबांनी शेवटची लावली तेव्हा स्विच दाबून ठेवला होता, इतकंच.

तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. मला कुठे जायचं असलं की बाबा खाली येऊन गाडी स्वतः सुरू करत आणि गेटपर्यंत काढून देत. "तू खांबाला घासशील," म्हणत. चाळिशी उलटलेल्या मुलासाठी जिने उतरणारा बाप म्हणून मी चार लोकांत कौतुकानं सांगायचो.

नवी वायरिंग बसली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ब्रेक दाबला, फक्त ब्रेकचाच दिवा लागला. मिस्त्रींनी हात पुसत विचारलं, "तो स्विच काढू का ठेवू?"

"सध्यापुरता राहू दे," मी म्हणालो.

तो कुठे आहे ते इथे लिहीत नाही. मुलीला दाखवून ठेवला आहे. काढलेल्या दोन कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत पडून आहेत. सगळं चालू स्थितीत आहे. कुणाकडे पद्मिनी असेल तर घेऊन जा.