नव्वद दिवसांची आणीबाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने जो हाहाकार माजविला आहे, त्याच्या निवारणार्थ तेथील राजपुरुषांनी काहीच केले नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांनी तेथील सरकारी दप्तर नजरेखालून घातलेले दिसत नाही. 2017 च्या जुलैअखेर अध्यक्ष ट्रम्प यांच्याच आयोगाने, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने देशात दररोज 142 माणसे दगावत आहेत, सबब विनाविलंब आणीबाणी पुकारावी, अशी शिफारस केली, आणि विलंबाचा जो काही किमान शिष्टाचार असतो तो पाळून 26 ऑक्टोबर रोजी ती रीतसर पुकारली गेली. आता आणीबाणीचे तेथे दोन प्रकार असून, एकीने महापूर-वादळांसाठी राखलेली मोठी तिजोरी उघडते, तर दुसरीने सार्वजनिक आरोग्याचा एक वेगळा निधी खुला होतो. अध्यक्षमहाशयांनी दुसरी निवडली. त्या निधीत शिल्लक होती सुमारे 57,000 डॉलर. व्यसनग्रस्त वीस लाख धरले, तरी दरडोई तीन सेंटही पदरात पडत नाहीत. आणीबाणी म्हटले की आपल्याकडील वडीलधाऱ्या वाचकांच्या अंगावर अजून काटा येतो. तिकडची मात्र इतकी सोशिक, की दर नव्वद दिवसांनी तिची मुदत सरते आणि खात्याचे मंत्री सही करून ती वाढवून देतात. अध्यक्ष बदलले, पक्ष बदलला, पहिले अध्यक्ष पुन्हा परतले, परंतु सहीच्या शिरस्त्यात खंड पडला नाही.

या रोगाचे बीजारोपणही सहीनेच झाले होते. 1995 च्या डिसेंबरात पर्ड्यू फार्मा कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीस मंजुरी देताना, ती शरीरात सावकाश भिनत असल्यामुळे तिचा दुरुपयोग कमी होईल असे ‘मानले जाते’, हे वाक्य सरकारी औषध खात्याने तिच्या माहितीपत्रकात राहू दिले. मानणारे कोण, हे त्यात नव्हते. मंजुरीचे काम पाहणारे अधिकारी मात्र कालांतराने त्याच कंपनीच्या चाकरीत रुजू झाले. 2007 साली कंपनीने आणि तिच्या तीन वरिष्ठांनी गुन्हा कबूल करून एकूण 63 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली, आणि तुरुंगाची पायरी कोणासच चढावी लागली नाही. मालक सॅकलर घराण्याचे नाव न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2021 साली आपल्या दालनांवरून उतरविले खरे. पण चीनच्या अफू-कापसाच्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंनी जोडलेल्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या इस्पितळात पिढ्यान् पिढ्या औषधपाणी घेणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यावर फार मोठ्याने टाळ्या वाजवू नयेत, हे बरे.

राज्यकर्त्यांची खरी प्रतिभा पाहावयाची, ती ब्युप्रेनॉर्फिनच्या प्रकरणात. व्यसन लावणारी गोळी लिहून देण्यास डॉक्टराला त्याची नेहमीची नोंदणी पुरेशी होती. व्यसन सोडविणारे हे औषध लिहून द्यावयाचे, तर आठ तासांचे शिक्षण, सरकारकडे अर्ज आणि एक्स अक्षराने सुरू होणारा निराळा क्रमांक, इतके सोपस्कार. एवढे करूनही प्रारंभी एका डॉक्टराकडे तीसच रुग्ण. एकतिसावा दारात येऊन ‘मला यातून सोडवा’ म्हणाला, तर त्यास कायद्याचे कलम दाखवावे, आणि त्याची पाठच दुखत असल्यास मूळची गोळी बिनदिक्कत लिहून द्यावी! ही सनद रद्द व्हावयास 2022 चा डिसेंबर उजाडला.

इंडियाना संस्थानात 2015 साली, जेमतेम चार हजार वस्तीच्या ऑस्टिन गावी, एकमेकांच्या सुया वापरल्याने एचआयव्हीचा फैलाव झाला. वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देणे गव्हर्नर माइक पेन्स यांच्या तत्त्वांत बसत नव्हते. त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली आणि मग तीस दिवसांपुरता हुकूम काढला. बाधितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, सुया मिळू लागल्या, साथ ओसरली. आणि 2021 साली, गुण आला सबब औषध बंद करावे, अशा न्यायाने तेथील स्थानिक कारभाऱ्यांनी तो उपक्रम गुंडाळण्याचा ठराव केला. पुरोगाम्यांची तऱ्हा निराळी. ऑरेगनमध्ये त्यांनी अमली पदार्थ जवळ बाळगणाऱ्यास शिक्षेऐवजी 100 डॉलर दंड, आणि दूरध्वनी करून तपासणी करून घेतल्यास तोही माफ, अशी योजना मतपेटीतून आणली. बहुतेकांनी ना दंड भरला ना दूरध्वनी केला, आणि 2024 च्या सप्टेंबरात पदार्थ जवळ बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले.

सांप्रत शत्रू परदेशी ठरला आहे. 2024 च्या आर्थिक वर्षात कॅनडाच्या सरहद्दीवर पकडले गेलेले फेंटानिल हे जहाल मादक द्रव्य अवघे 43 पौंड, म्हणजे एका प्रवासी पेटीत मावेल इतके. त्यापायी पुढल्याच वर्षी त्या देशाच्या बहुतेक मालावर 25 टक्के जकात बसविण्याचे फर्मान निघाले. दरम्यान औषध कंपन्यांकडून तडजोडीपोटी कबूल झालेली रक्कम 5,000 कोटी डॉलरांच्या वर गेली असून, ती गावोगावच्या खजिन्यांत उतरू लागली आहे. न्यू जर्सीतील इर्विंग्टन नगराने आपल्या वाट्यातील सहा लाखांहून अधिक डॉलर जनजागृतीच्या नावाखाली संगीताच्या जलशांवर खर्च केले. राज्याच्या हिशेबतपासनिसांनी त्यावर ताशेरे ओढले आहेत; त्यांना गाण्याचे अंग नसावे.