डोंगर, नारळ आणि वांगं

जळगावजवळच्या असोद्याला डोंगर नाही. सातपुडा आहे, पण तो तापीपलीकडे, दूर उत्तरेला. समुद्राचं तर नावच नको. तरीही इथल्या सहावीतल्या मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हटलं, की दोन टोकदार डोंगर उभे राहतात. मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि तिच्यावर कललेलं नारळाचं झाड. आकाशात ‘बरोबर’च्या खुणेसारखे पक्षी. काहींच्या वहीत बरोबरच्या खुणा तेवढ्याच.

हे काढणारे निदान काढतात तरी. मागच्या बाकांवरून उत्तर येतं, “सर, मले नही येत.” गणितात असं म्हणून कुणी सुटत नाही. चित्रकलेत मात्र हे कारण ताबडतोब मंजूर होतं, शाळेत आणि घरीही. आग्रह केलाच तर मुलगा एक रेघ मारतो, खोडतो, पुन्हा मारतो, पुन्हा खोडतो. तास संपताना कागदावर चित्राऐवजी भोक असतं.

अशा वर्गात टेबलावर भरताचं वांगं ठेवून बघावं. आपल्याकडचं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात धरलं की मूठ मिटत नाही असं. इथे मुलं तज्ज्ञ असतात. वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा शेजाऱ्याच्या कागदात डोकावून सांगतो, “देठाचे काटे राहिले.” दुसरा म्हणतो, “हे वांगं किडकं आहे, बाजारात कोणी घेणार नाही.” टीका चाललेली असते वांग्यावर, चित्रकारावर नव्हे. म्हणून कुणी रुसत नाही. उलट खालची बाजू जरा फुगवून घेतो.

पेन्सिलीऐवजी कोळसा दिला तर आणखी मजा. भरीत भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवतातच. नीट न जळालेली काडी कागदावर झकास उमटते. खोडायला गेलं तर नुसतं फासतं, त्यामुळे खोडरबर बेकार. पाऊण तासात हुशार आणि ढ या दोघांचीही नाकं सारखीच काळी. शाळेत एवढी समता एरवी दिसत नाही!

याच गावात 24 ऑगस्ट 1880 रोजी कवयित्री बहिणाबाई चौधरी जन्मल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. जातं, विहीर, पेरणी, सुगरणीचा खोपा असे हाताखालचे आणि डोळ्यांसमोरचे विषय घेऊन त्या गात राहिल्या. गाणी पुस्तकात आली 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आज जळगावच्या विद्यापीठाच्या पदवीवर त्यांचं नाव असतं. कल्पनेतला नारळ त्यांना कधी लागला नाही.

पुढे कुणाला चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्यावी. वस्तुचित्र, अक्षरलेखन, भूमिती हे सगळं शिस्तीनं शिकावंच लागतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हटल्यावर घरच्यांचाही कलेकडे ओढा वाढतो. पण ती शिस्त हात कागदावर टेकल्यानंतरची. आधी हात टेकायला हवा.

तेव्हा आईवडिलांना एक विनंती. पोरानं चित्र दाखवलं तर “हे काय आहे?” असं विचारू नका, “वांगं कुणाच्या मळ्यातलं?” असं विचारा. आणि कंपासपेटीत खोडरबर द्यायचाच असेल, तर अर्धा कापून द्या.