दोष आमच्या कॉम्प्युटरचा नव्हता

सदाशिव पेठ, पुणे ३०

'जुन्या कॅसेटच्या सीडी करून मिळतील' अशी पाटी लावणाऱ्या दुकानदारास,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' लिहून करण्याची आपली रीत आहे. तुमच्याबद्दल प्रेम वाटत नाही, म्हणून ती मोडतो.

आत्याने घरच्या बैठकीत म्हटलेली नाट्यपदं सीडीवर उतरवायला तुमच्याकडे दिली. तुम्ही सीडीवर रंगीत कागद चिकटवून दिलात आणि "आता कॅसेटी काय करायच्यात?" म्हणून त्या ठेवून घेतल्यात. घरातल्या म्युझिक सिस्टिमवर सीडी वाजली. कॉम्प्युटरमध्ये घातली की मात्र ड्राइव्ह घरघरायचा, आवाज तुटायचा, कॉम्प्युटर अडकून बसायचा. तक्रार केली तर काउंटरमागून न उठता तुम्ही निकाल दिलात, "तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय." शेजारच्यांच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवरही तेच झालं, तर म्हणालात, "मग तोही तपासून घ्या."

तपासायचा होता तो तुमचा कागद. म्युझिक सिस्टिममध्ये सीडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे घेते. कॉम्प्युटरचा ५२एक्स ड्राइव्ह पूर्ण वेगात तिला १०,००० च्या आसपास फिरवतो. किंचित एका बाजूला सरकलेला, कडेला फुगलेला कागद त्या वेगात सीडीचा तोल घालवतो आणि लेझरची नेमकी जागा चुकते. गाण्याच्या सीडीला आणखी एक अडचण असते. तिच्या प्रत्येक सेक्टरमधले सगळे २,३५२ बाइट आवाजासाठीच असतात. डेटाच्या सीडीत त्यातले २,०४८ च माहितीला मिळतात आणि चुका दुरुस्त करण्यासाठी जादा सोय ठेवलेली असते. गाण्याला ती नाही. म्हणजे जिथे जपून काम करायला हवं, तिथेच तुम्ही सजावट केलीत.

तो कागद आता सोलूनही काढता येत नाही. चकाकणारा थर छापील बाजूलाच, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. कागदाबरोबर तो निघाला तर गाणंही गेलं. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिशने कधीकधी जातो, वरचा जात नाही. हा धंदा करणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं.

पुढचं तर अक्षम्य आहे. फारच मागे लागलो तेव्हा "पेनड्राइव्हवर देतो" म्हणून तुम्ही विंडोजमध्ये सीडी उघडलीत, दिसलेल्या .सीडीए फायली कॉपी केल्यात आणि वेगळे पैसे घेतलेत. त्यातली प्रत्येक फाइल ४४ बाइटची! तीत आवाज नसतोच, गाणं सीडीवर कुठे आहे एवढीच खूण असते. घरी आणून एकदाही न वाजलेल्या त्या फायलींचे पैसे तुम्ही कुठल्या तोंडाने घेतलेत?

२००५ साली सोनी बीएमजीने गाण्याच्या सीडींमधून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. ते उघड झाल्यावर एवढ्या मोठ्या कंपनीलाही सीडी परत घेऊन बदलून द्याव्या लागल्या. तुम्ही आमच्या गल्लीतले. भरत नाट्य मंदिर जिच्यात उभं आहे त्या पेठेत दुकान मांडून बसला आहात. इथल्या घराघरांत अशा कॅसेटी आहेत, आणि ज्यांचे आवाज त्यांवर आहेत त्यांतले कितीतरी लोक आता हयात नाहीत. आत्याही नाही.

पैसे राहू द्या. कॅसेटी अजून तुमच्या माळ्यावर असतील तर याच आठवड्यात परत करा.

पेठेतल्या इतरांना विनंती: अशी सीडी घरात असेल तर कागदाला हात लावू नका. मऊ कापडाने खालची बाजू मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. ड्राइव्हचा वाचनवेग सर्वांत कमी ठेवा, अडलं तर दुसरा ड्राइव्ह वापरून बघा, आणि गाणी फायली ओढून घेण्याऐवजी 'रिप' करून डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. मूळ कॅसेट मात्र कुणाच्याही दुकानात सोडून येऊ नका.