सोऱ्यातला तांदूळ

काल संध्याकाळी शेजारच्या वहिनी सूप घेऊनच कुंपणापाशी आल्या. "ताई, हे बघा, रेशनला प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय! रोह्याच्या नणंदेनं व्हिडिओ पाठवलाय. सगळं मुद्दाम चाललंय म्हणे. आपण आजारी पडायचं आणि औषधवाल्यांनी गल्ला भरायचा." सुपाच्या कडेला आठ-दहा दाणे वेगळे काढलेले. जरा पिवळट, पाण्यात टाकले की तरंगणारे.

व्याख्यान द्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण पेणला जन्मभर पोह्याचे पापड लाटलेल्या बाईला मी धान्य शिकवणार? एवढंच विचारलं, "शिजवून पाहिलेत का?"

वहिनी तशाच आत गेल्या. थोड्या वेळानं वाटी घेऊन आल्या. दाणे मऊ झाले होते, चिमटीत धरले तर पीठ. मग सांगितलं, हा पोषक तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-12 घालून मळतात आणि सोऱ्यातून कुरडई पाडावी तसे यंत्रातून दाणे पाडतात. साध्या शंभर किलोला हा एक किलो. 2021च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा झाली होती.

"मग रेशनवाल्यानं तेव्हाच सांगायचं ना!"

राग काही खोटा नव्हता. लोहाबद्दल खरी शंकाही आहेच. थॅलेसेमिया, सिकलसेल असणाऱ्यांसाठी 2018च्या नियमांत पाकिटावर इशारा छापायला सांगितला होता. ती शंका डॉक्टरांना विचारावी. पण तांदळापेक्षा स्वस्त प्लॅस्टिक कुठल्या दुकानात मिळतं, ते त्या व्हिडिओवाल्याला विचारा! आणि रोह्यात पोह्याच्या एवढ्या गिरण्या, नणंदबाईंना एका गिरणीवाल्याला दाणा दाखवता येत नाही?

वहिनींनी तिथूनच फोन लावला. "अगं, आधी शिजव, मग पाठव!"

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमच्या त्या तळपायाच्या पट्ट्या? रात्रभर अंगातलं विष ओढून सकाळी काळ्या होतात म्हणता, त्या? पायाला न लावता कधी ओल्या करून पाहिल्यात?"

मी म्हटलं, दूध उतू जाईल, येते.

रात्री चहाच्या आधणावर एक कोरी पट्टी धरली. काळी झाली.