टॅबचा लातूर पॅटर्न

२०२१ साली गिटहब कोपायलट आला आणि जग थक्क झालं. मागच्या ओळी बघून पुढची ओळ सुचवणारं यंत्र! लातूरच्या ट्यूशन एरियात मात्र कुणी मान वर करायचं कारण नव्हतं. जुन्या प्रश्नपत्रिका घोटघोटून यंदा काय येणार ते ओळखायचं, हा धंदा आपल्याकडं कधीचा चालू आहे. फक्त ग्राफिक कार्डाऐवजी पोरं तापायची.

आता तीच पोरं नांदेडला इंजिनिअरिंगला येऊन कोपायलटनं सुचवलेलं घ्यायला टॅब दाबतात. तीन अक्षरं टंकली की अख्खं फंक्शन हजर, कंस जागच्या जागी, कॉमेंट शुद्ध इंग्रजीत. त्यात बोलावलेली लायब्ररी कधीकधी जगात कुठंच नसते, एवढंच. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘‘ही ओळ काय करते रे?’’

‘‘सर, ती आपोआप आली.’’

सुचवण्याऐवजी नुसतं शोधून देणारी हत्यारंही आहेत म्हणा. १९७०च्या दशकातलं युनिक्सचं ग्रेप हजारो फायलींतून हवं ते नाव क्षणात काढून देतं. पण काय शोधायचंय ते आधी आपल्याला ठाऊक असावं लागतं, त्यामुळं त्याचा क्लास अजून कुणी काढलेला नाही.