७३० दिवसांचा हिशेब
कॅनडाच्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्यानुसार कायम रहिवाशाने, म्हणजे नागरिकत्व न घेता तेथे बेमुदत राहण्याचा हक्क मिळालेल्या परदेशी व्यक्तीने, पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस त्या देशात काढणे अपेक्षित असते. पुण्यातील सदनिका आणि टोरांटोतील हक्क दोन्ही राखू पाहणाऱ्या गृहस्थाला ही अट आठवते ती बहुधा कायम रहिवासाच्या कार्डाची मुदत संपल्यावरच. वास्तविक कार्ड हा केवळ पुरावा असल्यामुळे ते कालबाह्य झाल्याने दर्जा जात नाही; तो अधिकाऱ्याने तसा निर्णय दिल्यावर आणि अपिलाचा मार्ग संपल्यावरच जातो. परिणामी अर्ज न करणाऱ्याचा दर्जा निवांत टिकतो, तर नूतनीकरणास निघालेला सज्जन आपल्या गैरहजेरीचा तक्ता स्वहस्ते सरकारदरबारी सादर करतो. मग मानवतावादी कारणे, म्हणजे अट शिथिल करण्याजोग्या वैयक्तिक अडचणी, पुढे येतात, आणि वर्षानुवर्षे ठणठणीत असलेले आईवडील अर्जापुरते अंथरुणाला खिळतात (ज्यांचे खरोखर खिळलेले असतात, त्यांची त्यामुळे पंचाईत होते). वैध कार्डाविना विमानात बसण्यासाठी विशेष प्रवासपत्र लागते; अमेरिकेतून खासगी मोटारीने सीमेवर आलेल्याला मात्र दर्जा सिद्ध होताच प्रवेश द्यावा लागतो. त्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला आधी अमेरिकेचा व्हिसा मिळवावा लागतो.